पद्मिनी तापते आणि तेलाचा दिवा लुकलुकतो: इंजिन उघडण्याआधी काय तपासायचं

जुनी फियाट चढावर तापायला लागली आणि सिग्नलला उभी असताना तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला, की बऱ्याच गॅरेजमध्ये एकच निदान ऐकू येतं: ‘इंजिन काम निघालं.’ कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा दोष कुठे आहे हे इंजिन न खोलता, घराच्या अंगणात, थोडक्या साधनांनी कळू शकतं. आणि ते आधी कळून घ्यायलाच हवं. पद्मिनीचं इंजिन खोलणं सोपं आहे, पण चांगल्या प्रतीचे बेअरिंग शेल (क्रँकभोवतीचे अर्धगोल पत्रे), गॅस्केट आणि ऑईल पंप मिळवणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी उतरली, आणि सुट्या भागांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईकही तिच्याबरोबर गेलं.

इथे समोर ठेवलेलं इंजिन कुर्ल्याच्या कारखान्यातलं. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइटमध्ये आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाच्या गाडीत बसलेलं: १०८९ सीसी, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक आणि त्यावर ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. ॲम्बेसिडर किंवा जुनी जीप असेल तरी तपासणीचा क्रम हाच राहतो. आकडे मात्र त्या-त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

दोन तक्रारी, पण बऱ्याचदा एकच धागा

तापणं आणि तेलाचा दाब कमी होणं या दोन गोष्टी एकमेकींना ओढत नेतात. तेल जितकं गरम तितकं पातळ. २०डब्ल्यू-५० तेल १०० अंश सेल्सिअसला ४० अंशांच्या मानाने आठ-नऊपट पातळ झालेलं असतं. त्यामुळे पाण्याची बाजू (इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा) बिघडून इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापलं, की ऑईल पंप आणि बेअरिंग ठीकठाक असूनही आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन सुरू असताना, दाब खाली येतो. उलट दिशेनेही घडतं. हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) फुटून तेलात पाणी गेलं तर तेलाची वंगणाची ताकद जाते आणि बेअरिंग खरवडली जातात. म्हणून दोन्ही तक्रारी एकदम असतील तर आधी पाण्याची बाजू सोडवायची आणि मगच तेलाच्या दाबावर निकाल द्यायचा. उलट क्रमाने गेलात तर चांगली बेअरिंग बदलून बसाल आणि रेडिएटर तसाच तुंबलेला राहील.

याला एकच अपवाद. गाडी वेगात असताना, म्हणजे इंजिन दोन हजार आरपीएमच्या वर फिरत असताना तेलाचा दिवा लागला तर त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि गाडी बाजूला घ्या. ‘पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ’ हा विचार करू नका. त्या दोन किलोमीटरमध्ये क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) खराब होतो.

सुरुवात डिपस्टिकपासून, इंजिन थंड असताना

सकाळी, चावी फिरवण्याआधी डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी काठी) काढा. पातळी कमी असेल तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं. पातळी खुणेच्या *वर* असेल तर जास्त काळजी करा, कारण तुम्ही न घालता तेल वाढत नाही. काठी नाकाजवळ न्या. पेट्रोलचा वास आला तर ब्लॉकला लागलेल्या मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्रॅम फाटलेला असण्याची दाट शक्यता आहे. पेट्रोल हळूहळू चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) उतरतं, तेल पातळ करतं आणि दाब पडतो. जुन्या डायफ्रॅमचं रबर आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला फारसं टिकत नाही, त्यामुळे हा दोष आता अधिकच लक्षात ठेवायला हवा. पंप बदला, तेल आणि फिल्टर बदला, मग पुन्हा मोजा. अशा गाडीचं इंजिन खोलायची गरजच नसते.

पेट्रोलऐवजी तेल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं दिसलं तर पाणी मिसळलंय. तशा अवस्थेत इंजिन सुरूच करू नका. मात्र एक फरक समजून घ्या. पावसाळ्यात गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर तेल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर फेस जमतो. ती साचलेली वाफ असते. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल, तर एकदा तासभर लांब फेरी मारा. फेस नाहीसा होतो. फक्त या फेसावरून हेड उघडायला लावणाऱ्याचं ऐकू नका.

मग रेडिएटरची टोपी. ती थंड इंजिनवरच काढायची. गरम रेडिएटर उघडून चेहरा भाजल्याच्या घटना सगळ्यांनी ऐकल्या आहेत. पाणी किती खाली आहे, गंजाने तांबडं झालंय का, वर तेलाचा तवंग आहे का, हे पाहा. टोपीच्या आतला रबर चिरलेला आणि स्प्रिंग मऊ झालेला असेल तर नवी घ्या. दाबाखाली पाणी उशिरा उकळतं: ७ पीएसआयची (पीएसआय हे दाबाचं एकक) टोपी धड असेल तर साधं पाणी १११ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि टोपी फुसकी असेल तर १०० लाच उकळतं. महाबळेश्वरच्या उंचीवर तर ९५-९६ लाच. म्हणजे काही गाड्या प्रत्यक्षात ‘तापत’ नसतात, नुसत्या उकळतात, आणि दोष टोपीचा निघतो. पण दुकानात मिळेल ती जास्त दाबाची आधुनिक टोपीही बसवू नका. जुन्या पितळी रेडिएटरचे झाळकामाचे सांधे तेवढा दाब सोसत नाहीत. टोपीवर छापलेला आकडा बहुधा बारमध्ये असतो, ०.९ म्हणजे साधारण १३ पीएसआय.

काटा खरं बोलतोय का?

कितीतरी गाड्यांची हेड केवळ तापमानाच्या काट्याच्या भरवशावर उतरवली जातात. तीस-चाळीस वर्षांचा मीटर, बाजारातला जुळता-न-जुळता सेंडर (तापमान मीटरला कळवणारा भाग) आणि गंजलेली अर्थिंग यांवर कुठलाही निर्णय घेऊ नये. इन्फ्रारेड थर्मामीटर आता सहज मिळतो. पण चकचकीत पितळ किंवा ॲल्युमिनियमवर तो चुकीचं, बहुधा कमी तापमान दाखवतो. म्हणून थर्मोस्टॅटच्या (पाणी गरम झाल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) घरावर, रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टाकीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरून मोजा. थर्मोस्टॅटपाशी ८५ ते ९५ अंश असताना काटा लाल पट्ट्यात असेल तर दोष मीटरचा किंवा सेंडरचा. सेंडरच्या चुड्यांवर (आट्यांवर) टेफ्लॉन टेप गुंडाळलेली असेल तर तीही काढा. सेंडरला अर्थिंग त्या चुड्यांतूनच मिळते.

तेलाच्या बाजूला तर डॅशवर बहुतेक वेळा आकडाच नसतो, नुसता दिवा असतो. दिव्याचा स्विच साधारण ५ ते ७ पीएसआयच्या खाली लागतो आणि जुना झाला की कधीही लागतो. दिवा लागला याचा अर्थ दाब कमी आहे असा नाही, आणि दिवा विझला याचा अर्थ दाब पुरेसा आहे असाही नाही. दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा.

म्हणून एक मेकॅनिकल ऑईल प्रेशर गेज घ्या. ब्लॉकवरचा स्विच काढून तो बरोबर घेऊन दुकानात जा, म्हणजे त्याच चुडीचा जोड मिळेल. या एका गेजची किंमत पुढच्या सगळ्या चर्चेला पुरून उरते.

तापतं कधी, हे आधी लिहून काढा

मिस्त्रीकडे जाण्याआधी आठवडाभर नुसतं निरीक्षण करा. मी स्वतः या टप्प्याला सगळ्यात जास्त महत्त्व देतो, कारण तापण्याची वेळच दोषाचा पत्ता सांगते.

ट्रॅफिकमध्ये, सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो: इथे हवा कमी पडतेय. फॅनची पाती वाकलेली किंवा उलटी बसवलेली, बेल्ट सैल, रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे. बेल्ट सगळ्यात लांब पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याने दाबला की १० ते १५ मिलिमीटर दबावा. जाळी इंजिनच्या बाजूने बाहेर, हलक्या पाण्याच्या धारेने धुवा. जोराच्या पंपाने पत्रे वाकतात.

सिग्नलला ठीक, पण मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाला किंवा घाटात तापते: इथे हवा भरपूर आहे, पाणी वाहत नाहीये. रेडिएटरच्या नळ्या आतून तुंबलेल्या, वॉटर पंपाचा इम्पेलर गंजून झिजलेला, किंवा खालचा होज आकसतोय. हा शेवटचा दोष उभ्या गाडीत दिसतच नाही. बॉनेट उघडून, इंजिन गरम असताना, कोणालातरी आरपीएम वाढवायला सांगा आणि खालच्या होजकडे पाहा. पंपाच्या ओढीने तो चपटा होत असेल तर आतली स्प्रिंग गंजून गेलेली असते. नवा होज घ्या, स्प्रिंगसकट. हे पाहताना बाही आणि ओढणी फॅनपासून दूर ठेवा.

सुरू केल्यावर पाच मिनिटांत, गाडी जागची न हलताच उकळते: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, हवा कोंडलीय, किंवा हेड गॅस्केटमधून जळलेला वायू पाण्यात शिरतोय.

आणि एक चौथा प्रकार, ज्याकडे रेडिएटरवाला कधीच पाहणार नाही: पाण्याची बाजू पूर्ण चांगली, तरी गाडी तापते आणि ओढतही नाही. इथे इग्निशन टायमिंग तपासा. स्पार्क उशिरा पडत असेल तर पेट्रोल जळायचं काम एक्झॉस्टपर्यंत लांबतं आणि ती उष्णता हेडमध्ये उतरते. घासलेले पॉइंट, डिस्ट्रिब्युटरचे अडकलेले वजनगोळे आणि स्प्रिंगा, फाटलेला व्हॅक्यूम डायफ्रॅम (असेल तर) हे सगळं टायमिंग लाइट लावून अर्ध्या तासात पाहून होतं. कार्ब्युरेटरचं मिश्रण फार पातळ असेल किंवा मागचे ब्रेक धरून राहत असतील तरीही इंजिन तापतं. दहा किलोमीटर ब्रेक शक्य तितके कमी वापरून चालवा आणि चारही चाकांच्या ड्रमवर थर्मामीटर धरा. एक ड्रम बाकीच्यांपेक्षा खूपच गरम निघाला तर ते चाक अडकतंय.

रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि ब्लॉकमागचा चिखल

इंजिन नेहमीच्या तापमानाला आल्यावर रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या टाकीचं तापमान मोजा. साधारण ८ ते १५ अंशांचा फरक हवा. फरक फारच कमी असेल तर रेडिएटर उष्णता सोडत नाहीये. फार मोठा असेल तर पाणी त्यातून रेंगाळत जातंय. मग जाळीवर आडव्या-उभ्या रेषेत मोजत जा. मधेच एखादा पट्टा थंड लागला तर तेवढ्या नळ्या बंद आहेत. असा रेडिएटर टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून साफ) करून घ्यावा लागतो. नुसतं फ्लशिंग पुरत नाही.

थर्मोस्टॅट तपासणं स्वयंपाकघरात होतं. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागावा आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडावा.

‘आपल्याकडे थंडी नाही, थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला महाराष्ट्रभर मिळतो आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅटशिवाय इंजिनला गरम व्हायला फार वेळ लागतो, तेलातली वाफ उडून जात नाही, चेंबरमध्ये गाळ साठतो आणि सिलिंडर लवकर झिजतात. ज्या इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट बायपासचं तोंड बंद करतो, तिथे तो काढला की काही गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत ब्लॉकमध्ये जातं, म्हणजे उलट जास्तच तापतं. शिवाय खरा दोष झाकला जातो. निदानासाठी एक दिवस काढून चालवून पाहा. फरक पडला तर नवा बसवा.

आता ती गोष्ट, जी फार कमी लोक करतात. ब्लॉकला पाणी काढायचा नळ किंवा प्लग असतो. तो उघडा. पाणी आलंच नाही तर आत गंज आणि क्षार घट्ट बसलेत. पक्क्या तारेने टोचून पाहा. बरेचदा चमचाभर तांबडा चिखल बाहेर येतो आणि मग धार सुटते. वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी घातलेल्या गाड्यांत हा थर मागच्या सिलिंडरांभोवती जमतो, कारण पंपापासून सगळ्यात लांब तेच असतात. नवा रेडिएटर टाकूनही तापणाऱ्या गाड्यांची गाठ इथे असते. थर्मोस्टॅट काढा, दोन्ही होज सोडा आणि वरून खाली असं उलट्या दिशेने, स्वच्छ पाणी येईपर्यंत नळीने धुवा. पुढे डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक कूलंटच वापरा. ॲल्युमिनियमच्या हेडसाठी ते अनिवार्य समजा.

हेड गॅस्केट: संशय घ्या, पण पुरावा मिळवा

थंड इंजिन, रेडिएटर काठोकाठ भरलेला, टोपी काढलेली. सुरू करा आणि हलकेच आरपीएम वाढवा. पहिल्या मिनिटात चार बुडबुडे येणं नैसर्गिक आहे, ती कोंडलेली हवा. थर्मोस्टॅट उघडण्याआधीच सतत, एका लयीत बुडबुडे येत राहिले आणि पाणी उसळलं तर जळलेला वायू आत शिरतोय. खात्रीसाठी निळ्या द्रवाची चाचणी मिळते: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली की जळक्या वायूने तो पिवळा होतो.

नंतर कम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी निघाले तर त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी गेली. एकच कमी असेल तर चमचाभर इंजिन ऑईल त्यात घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

हेड उतरवलंच तर थेट लेथवाल्याकडे पाठवू नका. आधी स्वच्छ पट्टी लांबीत, रुंदीत आणि कर्णांवर ठेवून फीलर गेज घाला. ०.१ मिमीची पात सरकत असेल तर प्लेन करणं (घासून सपाट करणं) भाग आहे. ‘आलंय तर थोडं मारून घेऊ’ म्हणून प्लेन करू नका. प्रत्येक वेळी कम्प्रेशन वाढतं आणि नॉकिंग मागे लागतं.

तेलाचा दाब: चार आकडे आणि त्यांचा अर्थ

पाण्याची बाजू सोडवली. आता तेल आणि फिल्टर बदला, २०डब्ल्यू-५० मिनरल तेल घाला आणि गेज लावा. नव्या गाड्यांसाठीचं ५डब्ल्यू-३० या इंजिनात घालू नका. सिंथेटिक महाग आहे म्हणून ते चांगलंच असेल, हा समज इथे लागू नाही.

चार वेळा मोजा: थंड आयडलिंग, थंड दोन हजार आरपीएम, वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आल्यावर गरम आयडलिंग, आणि गरम तीन हजार. मॅन्युअल नसेल तर दर हजार आरपीएमला सुमारे १० पीएसआय हा ठोकताळा धरा.

थंडीत छान, गरम आयडलिंगला कमी, पण आरपीएम वाढवल्यावर व्यवस्थित चढतो: झीज आहे, पण मरणाची नाही. बेअरिंगमधली फट वाढली की गळती तिच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली तर तेल आठपट वेगाने निसटतं. म्हणून इथे शंभरावा भाग मिलिमीटरही मोजावा लागतो. गरम आयडलिंगला आठ-दहा पीएसआय आणि तीन हजारला तीसच्या आसपास टिकत असेल, खालून ठोका येत नसेल, तर मी अशी गाडी चालवत राहीन आणि दर तेलबदलाला पुन्हा मोजेन.

थंड असो वा गरम, सगळीकडे सारखाच कमी, आणि तो एकाएकी कमी झाला: बेअरिंग एका दिवसात झिजत नाहीत. प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) पाहा. कचऱ्याचा एक कण त्याला अर्धवट उघडा धरून ठेवतो, किंवा स्प्रिंग दमलेली असते. साफ करून, सीट पाहून बसवा. स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब ‘वाढवण्याचा’ उपाय करू नका. आयडलिंगला व्हॉल्व्ह तसाही बंदच असतो, तिथे त्याचा काही उपयोग नाही.

आरपीएम वाढवल्यावर दाब आधी चढतो आणि मग *खाली* येतो: पंपाला तेल मिळत नाहीये. चेंबरमधली सक्शनची जाळी गाळाने भरलीय. बरीच वर्षं उभी असलेली गाडी सुरू करून, बाजारातलं इंजिन फ्लश घातल्यावर हे हमखास होतं. सुटलेला गाळ थेट जाळीवर येऊन बसतो. अशा इंजिनात फ्लश कधीच घालू नये. चेंबर उतरवून हाताने साफ करावं. इंजिन न उतरवता होण्यासारखं ते काम आहे.

सकाळी दिवा विझायला पाच-सहा सेकंद लागतात, नंतर सगळं ठीक: फिल्टर रात्रभरात रिकामा होतोय किंवा सक्शन पाईपच्या जोडातून हवा शिरतेय.

चेंबर उघडलंच आहे तर पंपही काढा. गिअरच्या माथ्यावर पट्टी ठेवून फीलरने फट मोजा, ०.१५ मिमीच्या पुढे गेली असेल आणि झाकणावर गिअरने गोल चर पाडले असतील तर पंप संपलाय. नसेल तर एक मेन आणि एक बिग एंड कॅप (क्रँकच्या बेअरिंगांची झाकणं) उतरवून प्लास्टिगेजचा (दाबला की चपटा होणारा, फट मोजायचा) धागा ठेवा, टॉर्कने आवळा, पुन्हा उघडा आणि चपट्या धाग्याची रुंदी मोजा. ०.०२५ ते ०.०७५ मिमी हा अशा इंजिनांचा सर्वसाधारण पट्टा. त्याच्या वर गेलं असेल आणि शेलवर तांबूस थर दिसत असेल, तर मात्र ‘इंजिन काम’ हेच उत्तर आहे. तेव्हा क्रँक ग्राइंडिंगबरोबर कॅमशाफ्टचे बुश आणि रॉकर शाफ्टही मोजून घ्यायला सांगा. नवे शेल टाकूनही दाब न येणाऱ्या इंजिनांत तेल बहुधा तिथूनच निसटत असतं.

पुन्हा सुरू करताना

चेंबर किंवा पंप काढला असेल तर प्लग काढून ठेवा आणि गेजवर दाब दिसेपर्यंत इंजिन नुसतं स्टार्टरवर फिरवा, दहा-दहा सेकंदांच्या खेपांनी. दाब आल्यावरच प्लग लावा. पाणी भरताना गाडीचं नाक थोडं चढावर ठेवा, हळूहळू ओता, थर्मोस्टॅट उघडून पातळी खाली गेली की पुन्हा भरा. हेड उतरवलं असेल तर तीन-चारशे किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, मॅन्युअलच्या क्रमाने नट पुन्हा टॉर्क करा. त्यानंतर टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवलेली फट) पुन्हा जुळवावा लागतो, कारण हेड किंचित खाली बसलेलं असतं. मग तेच चार आकडे आणि दोन टाक्यांची तापमानं पुन्हा मोजा आणि तारीख व किलोमीटरसह गाडीच्या वहीत लिहून ठेवा.